अल क्वोजच्या डब्यातलं पत्रक

मी दुबईला सोनं आणायला गेलो नव्हतो आणि नोकरी शोधायलाही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण परत आल्यापासून सांगलीत जो भेटतो तो पहिल्यांदा माझ्या मनगटाकडे बघतो आणि मग विचारतो, "काय आणलंस?" काही आणलं नाही. नेलं होतं, तेही परत आणता आलं नाही. नेली होती तीनशे पत्रकं.

पहिलीपासून इंग्रजी आणायचं ठरलं, त्या सुमाराची ही गोष्ट. आम्ही पाचसहा जणांनी मराठी शाळांसाठी एक समिती काढली होती. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे, कारण मी भराभर लिहायचो आणि चिडून लिहायचो. छापायचे अण्णा. त्यांचा पायानं चालवायचा छापखाना अजून खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवर, चालतो. अण्णांचा एक नियम होता आणि आम्ही तो वेदवाक्य मानायचो: पत्रकाखाली पत्ता हवाच. निनावी पत्रक म्हणजे भिंतीवर लिहिलेली शिवी. दुसरी गोष्ट नियमातली नव्हती, सवयीतली होती. प्रत्येक पत्रकाची शेवटची ओळ एकच असायची: उठा, एकत्र या, लढा! ती इतक्या वेळा लागायची, की तिचे खिळे आम्ही सुटे करतच नसू. सुतळीनं बांधून ती फळीवर तयार ठेवलेली असायची.

ताईनं तिकीट पाठवलं. व्हिजिट व्हिसा दाजींच्या कंपनीवर. समितीत सगळे म्हणाले, तिकडे आपली माणसं ढिगानं आहेत, मोकळ्या हातानं जाऊ नकोस.

विमानतळ

बॅगेत वर भडंग, मेतकूट, कोकम. खाली पत्रकं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कस्टमच्या माणसानं सगळं बाहेर काढलं. माझ्या पुढच्या बाईच्या तीन व्हिडिओ कॅसेट त्यानं ठेवून घेतल्या होत्या, म्हणून माझे कान तापले होते. त्यानं एक पत्रक उचललं आणि उलटं धरून पाहिलं.

"व्हॉट?"

"स्कूल," मी म्हणालो. त्या क्षणी माझ्या पोटात तेवढंच इंग्रजी शिल्लक होतं.

त्यानं भडंगाची पिशवी नाकाशी नेली, शिंकला आणि हात हलवून म्हणाला, "खलास. यल्ला, यल्ला."

मला वाटलं, पहिली लढाई जिंकली. मूर्ख माणसाला विजय असे फुकट मिळतात.

बर दुबई

ताईचं घर मीना बाजारच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली साड्यांची दुकानं, पुढे देवळाची गल्ली. तिथं फुलांच्या पुड्या आणि नारळ बघून क्षणभर सांगलीच्या गणपती पेठेत आल्यासारखं वाटतं. मग कुणीतरी दिरहममध्ये भाव सांगतं आणि आपण मनात बारानं गुणायला लागतो.

जेवणाच्या टेबलावर जेवण नव्हतं. एक भलामोठा तक्ता होता आणि त्यावर तेरा वर्षांची माझी भाची केतकी ओणवी झाली होती.

"हाय मामा. केअरफुल, द ग्लू इज वेट."

तक्ता ब्रिटनच्या नकाशाचा. वर इंग्रजीत लिहिलेलं, ब्रिटनच्या सुरुवातीच्या भाषा. सगळ्या बेटावर आधी हिरवा रंग. त्यावर रोमनांचा जांभळा, पूर्वेकडून आलेल्या सॅक्सन लोकांचा लाल, उत्तरेकडून जहाजं घेऊन आलेल्यांचा निळा, शेवटी फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांचा पिवळा. हिरवा सरकत सरकत पश्चिमेच्या डोंगरांत जाऊन बसलेला.

माझं डोकंच फिरलं. पोरगी सांगलीची आणि साहेबाच्या खापरपणज्याची भाषा रंगवतेय!

"सांगली कुठल्या नदीवर आहे, सांग बघू."

"कृष्णा," ती मान वर न करता म्हणाली. "दॅट्स ईझी."

"मराठी वाचता येतं?"

"स्लोली."

ताई आतून आली. "दर शुक्रवारी एक पान वाचून घेते मी तिच्याकडून. सुध्या, बूट तरी काढ. आल्या आल्या सभा नको."

दाजी विट्याचे. बारा वर्षांपूर्वी एका साइटवर आचारी म्हणून आले. आता अल क्वोजला त्यांचं स्वतःचं मेसचं किचन आहे. एकशेऐंशी कामगारांचे डबे रोज दोन वेळा जातात. ताई मसाल्याचं आणि हिशोबाचं बघते. 'स्वतःचं' म्हटलं खरं, पण लायसन्स एका स्थानिक माणसाच्या नावावर, अबू खालिदच्या. इथला कायदाच तसा. दाजींचा, ताईचा, केतकीचा आणि माझाही व्हिसा त्याच्या कंपनीवर. त्यानं सही काढून घेतली, की बारा वर्षं एका बॅगेत भरून विट्याला.

जेवताना दाजी म्हणाले, "सुधीर, इथं दोनच गोष्टी लक्षात ठेव. उन्हात टोपी आणि मत खिशात."

"मत ठेवायला माझा खिसा शिवलेलाच नाही, दाजी."

"म्हणूनच फाटका आहे," ताई म्हणाली आणि माझ्या पानात आमटी वाढली.

बॅगेतल्या पत्रकांबद्दल मी बोललो नाही. खोटं बोललो नाही, एवढीच तेव्हा मनाची समजूत.

खाडी

बुधवारी केतकीला तक्ता दाखवायला तिच्या इंग्रजीच्या सरांकडे जायचं होतं. सर खाडीपलीकडे देरात राहायचे आणि आम्हाला न्यायला स्वतः धक्क्यावर आले होते. ह्यू सर. साठीचे, उन्हानं लाल झालेले, पायात आपल्याकडच्या स्लिपरा. मला वाटलं इंग्रज आहेत. "इंग्लिश नाही, वेल्श," केतकीनं मला बजावलं, "ही हेट्स दॅट."

लाकडी आब्रा होडीत एकमेकांना खेटून बसलो. पन्नास फिल्स, म्हणजे सहा रुपये. शेजारी पठाण, समोर मल्याळी, मागे इराणी, होडीवाला बंगाली. मी सरांवर माझं पत्रक झाडलं. माझ्या सांगलीच्या इंग्रजीत आणि अडलं तिथं केतकीच्या. पत्रकाचा पहिला अर्धा भाग इंग्रजी स्पेलिंगची टर उडवण्यात गेला होता: 'नाइट' म्हणजे सरदार, त्यात के लिहायचा आणि बोलायचा नाही, जी-एच लिहायचं आणि गिळायचं. ज्यांना स्वतःची अक्षरं पेलत नाहीत, ते आमच्या पोरांना काय शिकवणार! या वाक्याला सांगलीत टाळ्या पडल्या होत्या.

सर हसले नाहीत. त्यांनी तो शब्द उच्चारला. सगळ्या अक्षरांसकट. 'क्निख्ट' असं काहीतरी, घशातून. पठाण वळून बघायला लागला.

"एके काळी सगळं बोलत होते," सर म्हणाले. "लिहिलं ते जसं बोलत तसं. बोलणं पुढे गेलं, लिहिणं मागे राहिलं. ती अक्षरं मूर्खपणाची नाहीत. माणसं उठून गेल्यावर राहिलेल्या चुली आहेत."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि ती मात्र मला थेट लागली. इंग्रजीत 'थ'साठी एक जुनं वेगळं अक्षर होतं. छपाई आली तेव्हा खिळे समुद्रापलीकडून आले आणि त्यांत ते अक्षरच नव्हतं. जुळाऱ्यांनी, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांनी, त्याच्या जागी दिसायला जवळचा वाय बसवला. जुन्या वळणाच्या पाट्यांवर तो वाय अजून बसलेला असतो आणि लोक तो चुकीचा वाचतात. 'गोस्ट'मधला एचही असाच, परमुलखात काम शिकलेल्या जुळाऱ्यांच्या हातच्या सवयीतून आलेला. 'डाउट'मधला बी मात्र पंडितांनी घुसडलेला, लॅटिनशी नातं दाखवायला.

अण्णांकडे 'ळ'चे खिळे संपले, की आम्ही काय काय उद्योग करतो ते मला आठवलं. छापखान्याची अडचण भाषेच्या अंगावर पाचशे वर्षं राहते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि हा हिरवा रंग?" मी विचारलं.

"हा आमचा." सरांनी तक्त्याच्या पश्चिम कडेवर बोट ठेवलं. "सगळं बेट आमची भाषा बोलायचं. सॅक्सन लोक आले आणि त्यांनी आम्हाला 'वेल्श' म्हटलं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ परके. आमच्याच घरात." पुढचं त्यांनी पाण्याकडे बघत सांगितलं. त्यांच्या आजोबांच्या शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे. दुसरा कुणी वेल्श बोलताना सापडला, की ती त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना पाटी ज्याच्या गळ्यात, त्याला छडी.

त्याच क्षणी माझ्या डोक्यात मथळा तयार झाला. मी म्हणालो, "सर, हे मी छापतो!"

"मला विचारून छापा," ते म्हणाले. "आणि हेही छापा, की त्यांचा नातू दुबईत इंग्रजी शिकवून पोट भरतो."

होडी धक्क्याला लागली. मी तो टोमणा समजून सोडून दिला.

अल क्वोज

गुरुवारी दाजी लायसन्सच्या कामाला म्युनिसिपालिटीत गेले आणि ताई बाजारात. किचनमध्ये दुपारच्या डब्यांची भरणी चालू होती. गोदामांची, वर्कशॉपची वस्ती. पत्र्यांवर ऊन असं आदळतं, की डोळे मिटून चालावं लागतं. माणसं ट्रकच्या पाठीवर बसून येतात आणि एका खोलीत आठ-दहा जण राहतात. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. मी गेले दोन दिवस हे बघत होतो आणि आत पेटत होतो. यांच्यासाठी काही नाही, तर मग पत्रकं कुणासाठी?

पण पत्रकाखाली पत्ता सांगलीचा. इथल्या माणसानं संपर्क कुठं करायचा? मला अण्णांचा नियम आठवला. दाजींच्या टेबलावर कंपनीचा रबरी शिक्का होता, त्यावर पोस्टाच्या पेटीचा नंबर. इथं पत्रं घरी येत नाहीत, पेटीवरच येतात. ताईला आम्ही त्याच पत्त्यावर लिहायचो. मी बसलो आणि एकशेऐंशी पत्रकांच्या तळाशी, 'उठा, एकत्र या, लढा!'च्या बरोबर खाली, जांभळ्या शाईत शिक्का मारला. सरळ, एकही तिरका नाही. मग चपात्यांच्या प्रत्येक पुडक्यात एक घडी सरकवली. किचनमधल्या पोऱ्यांना वाटलं, शेटनं काही ऑफर काढली असेल.

डबे गेले. मला त्या रात्री फार छान झोप लागली.

शुक्रवारी सकाळी आठला फोन वाजला. दाजींनी घेतला. "जी... जी खालिदभाई..." एवढंच बोलत होते, आणि दर 'जी'ला त्यांचा आवाज एकेक पायरी खाली जात होता. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले.

"डब्यात काय घातलंस?"

मी सांगितलं. अभिमानानं सुरुवात केली, पण शेवटापर्यंत तो पुरला नाही.

कामगारांच्या कॅम्पवरच्या देखरेखवाल्याच्या हाती एक पत्रक लागलं होतं. मराठी त्याला येत नव्हतं, शिक्का मात्र वाचता येत होता. त्यानं ते अबू खालिदच्या मुलाकडे पोचवलं होतं. परवानगीशिवाय छापील कागद वाटणं हा इथं गुन्हा. कामगारांत वाटणं म्हणजे तर विचारूच नका. चार वाजता जुमेराला अबू खालिदच्या घरी यायचं होतं. लिहिणाऱ्याला घेऊन.

"आणि केतकीलाही आणा म्हणालेत," दाजी म्हणाले.

ताईच्या हातातलं भांडं तिथंच राहिलं. "तिला कशाला? अहो, तिला कशाला?"

"सांगितलं नाही."

ताई मला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बारा वर्षं रे, सुधीर," आणि आत जाऊन केतकीचे केस विंचरायला लागली.

आठ ते चार. दाजी आणि मी व्हॅन घेऊन निघालो. सुट्टीचा वार, त्यामुळे माणसं खोल्यांवर होती. कपडे धुणं, दाढी, मटणाचा वास. "कालचा कागद द्या, चुकून गेलाय," असं म्हणत मी खोली खोली फिरलो. लोकांपर्यंत पत्रक पोचवायला मी आयुष्यभर धडपडलोय. ते परत मागताना तोंड कसं कोरडं पडतं ते त्या दिवशी कळलं. कुणी त्यावर कांदा चिरला होता. कुणी खिडकीच्या फटीत कोंबला होता, वारा येऊ नये म्हणून. बऱ्याच जणांनी न विचारता दिला. कुणीही, एकानंही, पेटून उठल्यासारखं दिसलं नाही.

मंडणगडच्या मोऱ्यांनी मात्र द्यायला नकार दिला. पन्नाशीचा गवंडी. पत्रक त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलं होतं.

"नाय देणार वो. दोन वर्सांनी छापलेली मराटी गावलीय मला. सात येळा वाचलंय."

माझा जीव सुपाएवढा झाला. "पटलं का तुम्हाला?"

"छ्या! माजा पोरगा दापोलीला इंग्लिश मीडियमला हाय. त्याच्या फीसाठी तर हितं ऊन खातोय." तो हसला. "पन वाचाय बरं वाटलं. भांडल्यासारकं लिवलंय तुमी. गावची आटवन आली."

दाजींनी घड्याळाकडे पाहिलं. मग खाली बसून त्यांनी मोऱ्यांना सगळं खरं सांगितलं. शिक्का, लायसन्स, चार वाजता काय आहे ते. मी कुणालाच खरं सांगितलं नव्हतं. मोऱ्यांनी ट्रंकेतून कात्री काढली आणि पत्रकाचा तळ सरळ कापून दाजींच्या हातात दिला.

"ह्ये तुमचं. वरचं माजं."

मग आम्ही तेच केलं. ज्यांना कागद हवा होता त्यांच्या कागदाचा तळ कापून घेतला. दोन वाजता व्हॅनमध्ये मोजले. पत्रकं आणि तळ मिळून एकशे एकसष्ट, देखरेखवाल्याचं एक धरून. एकोणीस सापडले नाहीत.

जुमेरा

अबू खालिदची बैठक म्हणजे लांबट खोली, भिंतीला लागून गाद्या, एसी इतका की दात वाजावेत. म्हातारा पंचाहत्तरीचा, बारीक, डोळे अधू. त्याचा मुलगा खालिद चाळिशीचा, लंडनला शिकून आलेला, मांडीवर वही. ताई बायकांकडे आत गेली. केतकी आमच्याबरोबर बाहेर.

एका माणसानं चिमुकल्या कपात बिनदुधाची वेलचीची कॉफी दिली. मी प्यायलो, त्यानं परत भरली. परत प्यायलो, परत भरली. आपल्याकडे पानात टाकलं तर यजमानाचा अपमान होतो, म्हणून मी पीत राहिलो. पाचव्याला दाजींनी पुटपुटून सांगितलं, "कप हलव. हलवून दे." इतक्या साध्या गोष्टीही मला ठाऊक नव्हत्या आणि मी या देशात पत्रक वाटलं होतं.

खालिद इंग्रजीत तुटक बोलला. त्याचं म्हणणं सरळ होतं: आपण स्वतःहून पोलिसांत दिलं नाही आणि उद्या दुसऱ्या कुणी दिलं, तर आपणही अडकू. दाजी मान खाली घालून ऐकत होते. तो चुकीचं बोलत होता असं आजही मला म्हणता येत नाही.

म्हाताऱ्यानं हात वर केला. त्याची हिंदी मुंबईची निघाली. "जवानी में खजूर लेके बंबई जाता था मैं. पहले सुनेंगे, कागज़ क्या बोलता है."

"मैं पढ़ता हूँ," मी सरसावलो.

"तूने लिखा, तू नहीं पढ़ेगा. तू मीठा करके पढ़ेगा. ये भी नहीं," दाजींकडे बोट, "इसका घर जलता है. बच्ची पढ़ेगी. खालिद के वास्ते अंग्रेज़ी में बोलेगी, मेरे वास्ते हिंदी में."

केतकीच्या हातात पत्रक दिलं. ती बोट ठेवून वाचायला लागली. हळू, जोडाक्षराला थांबत. एक वाक्य मराठी, मग इंग्रजी, मग मोडकी हिंदी. सांगलीत ज्या वाक्यांना टाळ्या पडल्या, ती त्या थंड खोलीत एकेक करून खाली ठेवली जात होती.

"मामा, 'अस्मिता' मीन्स व्हॉट?"

मी तोंड उघडलं. हिंदीत सांगता येईना. मराठीतही येईना.

"आय विल लीव्ह इट," ती म्हणाली. खालिदनं वहीत रिकामी जागा सोडली.

सरदाराच्या के-पाशी ती आली. वाचलं, आणि थांबली. "बट धिस इज राँग. दे युज्ड टू से इट. ह्यू सरांनी बोटीत सांगितलं होतं." तिनं म्हाताऱ्याला हिंदीत समजावलं, की इंग्रज लोक आधी ही सगळी अक्षरं बोलायचे, मामाला माहीत नव्हतं. मला मातीत गाडून घ्यावंसं वाटलं. म्हातारा मात्र पुढे झुकून ऐकत होता.

शाळांबद्दलचा भाग गेला. "मुलाला पहिलं अक्षर आईच्या तोंडचं मिळू द्या," हे वाक्य तिनं वाचलं आणि बरोबर सांगितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली.

मग शेवटची ओळ. मला ती लांबूनच दिसत होती. दाजींचे डोळे गालिच्यावर. केतकीनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तिनं ती गाळली असती, तर कुणाला कळणार होतं?

"उठा, एकत्र या, लढा," तिनं वाचलं. "गेट अप. कम टुगेदर. फाइट."

खालिदचं पेन थांबलं. म्हातारा माझ्याकडे वळला.

"किससे?"

आम्ही ही ओळ शेकडो वेळा छापली होती. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "अंग्रेज़ी से."

त्यानं केतकीकडे बोट केलं. "इससे?"

म्हाताऱ्यानं तेच बोट पत्रकाच्या तळाकडे नेलं.

"नीचे बक्सा नंबर किसका है?"

"दाजी का."

"मेरा है. तीस साल से मेरा है. ये उसमें चिट्ठी मंगाता है, मैं मंगाने देता हूँ. तूने मेरे नाम से इतने आदमी को बोला, उठो, लड़ो. मेरे को पूछा?"

"नहीं."

"इसको पूछा?"

"नहीं."

"उन लोगों को पूछा?"

दाजींनी तेव्हा पिशवी पुढे ठेवली. "एक सौ इकसठ हैं. उन्नीस नहीं मिले." आकडा लपवला नाही. मी असतो तर लपवला असता, हे मला ठाऊक आहे.

बापलेकांचं अरबीत सुरू झालं. भरभर, चढ्या आवाजात. खालिद दारातून बाहेर बोट दाखवत होता. आमच्या घराचं काय होणार ते आमच्यासमोर ठरत होतं आणि एक अक्षर समजत नव्हतं. दाजींना भाजीबाजारापुरतं अरबी येतं. त्यांचं कपाळ घामानं चमकत होतं, त्या एसीत. मी केतकीकडे पाहिलं. तिला शाळेत अरबी सक्तीचं. तिचे ओठ हलत होते, मनात भाषांतर करत असल्यासारखे. मग तिनं माझी बाही ओढली.

"टुमॉरो," ती कुजबुजली. "मामा गोज टुमॉरो." आणि मग श्वास सोडून, "वी स्टे."

म्हाताऱ्यानं कात्री मागवली. केतकीच्या हातातल्या पत्रकाचा तळ त्यानं कापला, शिक्का आणि शेवटची ओळ दोन्ही. तुकडा दाजींना दिला. वरचा कागद घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. का, ते मला आजही ठाऊक नाही.

परत

शनिवारी दुपारच्या विमानात मला बसवलं. उरलेली एकशेवीस पत्रकं ताईनं किचनच्या शेगडीत टाकली होती. मी बघत उभा होतो. दाजी विमानतळावर एवढंच म्हणाले, "पुन्हा ये. मोकळा ये." एकोणीसातलं एखादं कुठं निघेल, या धास्तीत ते वर्षभर होते, असं ताईनं नंतर लिहिलं. निघालं नाही.

माझी मतं बदलली असं कुणी समजू नये. मूल आईच्या भाषेतच शिकायला हवं, हे मी आजही कुठल्याही चौकात उभा राहून सांगेन. कामगारांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, ही अजूनही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते. पण मोऱ्यांच्या तोंडून बोलायच्या आधी मोऱ्यांना विचारायला हवं होतं.

नवं पत्रक लिहिलं. टर उडवणारा भाग काढला. त्या जागी एका बेटाची गोष्ट घातली, जिथली पहिली भाषा डोंगरात ढकलली गेली, आणि त्या शाळेतल्या लाकडी पाटीची. ह्यू सरांना पत्र लिहून विचारलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: नातवाचं विसरू नका. ते छापलं. केतकीला विचारलं. तिनं लिहिलं, चालेल, पण नकाशा टाका, आणि हिरवा रंग नीट दाखवा. एकरंगी छपाईत हिरवा कुठून आणू! आडव्या रेघा मारल्या.

अण्णांनी मजकूर जुळवला आणि सवयीनं फळीवरच्या सुतळीच्या ओळीला हात घातला.

"राहू दे ती," मी म्हणालो.

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. "बरं. पत्ता? समितीच्या ऑफिसला तर कुलूप आहे म्हणालास."

"आमच्या घरचा टाका."

त्यांनी खिळे उचलायला घेतले.

"थांबा अण्णा," मी चपला घातल्या. "आईला विचारून येतो."